तीन रविवार, एक चढण

पंपावरचा पोरगा विचारतो, "कोणतं टाकू, मावशी?"
तीन नळ्या. साधं, पंच्याण्णव, शंभर.
शंभराच्या नळीवर धूळ बसलेली,
तिला रोज रोज कोण हात लावतो?

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत
एका सिलिंडरच्या इंजिनासमोर उभी होते.
पेट्रोल कधी ठोकतं ते ऐकायचं,
आकडा लिहायचा, पान उलटायचं.
पोरांना सांगायचे, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे रे,
ऑक्टेन म्हणजे धीर.
कितीही दाबलं तरी ठिणगी येईपर्यंत थांबायचं,
आधीच पेट घ्यायचा नाही.
पोरं हसायची. विशीतली होती सगळी.

माझी हेराल्ड सदुसष्टची, दोन दारांची,
रंग एकेकाळी फिका निळा.
तिचं इंजिन मुळात दाबतंच कमी, सातास एक,
तिच्या टाकीत धीराची परीक्षा कधी झालीच नाही.
पण खालच्या मजल्यावरचा सौमिल पिल्लेवार,
टर्बोवाला, ज्याची गाडी सुरू झाली
की माझ्या फडताळातल्या बश्या वाजतात,
तो म्हणाला, "काकू, शंभर टाकून तं पाहा. उडते."
म्हटलं, उडते का ते मोजू.

पहिला रविवार. साधं,
ज्यात वीस टक्के दारू असते.
फुटाळ्यापासून सेमिनरी हिल्सची चढण,
तिसरा गियर, काचा खाली, तोंड बंद.
पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत
तसा आवाज येतो का, म्हणून कान दिला.
नाही आला.
मध्येच एक मोर आडवा गेला, ब्रेक मारावा लागला.
घरी येऊन बॉनेट उघडलं तर रबरी नळी
बोटांना चिकटली, भिजलेल्या पापडासारखी.

दुसरा रविवार. पंच्याण्णव.
मनगटावरच्या घड्याळात अकरा सेकंद कमी.
मोर नव्हता. वारा मागून होता.
वहीत तिन्ही गोष्टी लिहिल्या.

मधल्या बुधवारी सौमिलनं
महिनाअखेर म्हणून साधं भरलं.
मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तिथूनच ओळखलं.
त्याच्या गाडीनं श्वास आखडता घेतला होता,
वर्गात नापास झालेलं पोरगं
घरात शिरतं तशी ती फाटकातून आत आली.
तिला शंभर हवंच. तिची छाती तेवढ्या दाबाची आहे.
हे मी त्याला सांगितलं नाही, आधीच फार उडतो.

तिसरा रविवार. मे महिना, पारा पंचेचाळीस.
लिटरला मोजलेले पैसे सांगत नाही,
त्यात दोन किलो सावजी मसाला आला असता.
"ह्याच्यात इथेनॉल नसते म्हणतात," पोरगा म्हणाला.
म्हणतात.
लॉ कॉलेज चौकात सिग्नल लाल झाला,
हिरवा झाला, आणि हेराल्ड
जागची हलली नाही.

मागून हॉर्न. शकूर मिस्त्री फोनवर:
"बाई, पेट्रोलले काऊन बोल लावता?
नळीतच उकळून राहिलं ते. फडका ओला करा, बांधा."
शंभराचा धीर, पण ठिणगीपुरता.
उन्हाशी त्याचा काही करार नव्हता.

हॉर्न मारणारा सौमिलच निघाला.
एसीतून उतरला, डोक्याचा दुपट्टा सोडला,
गार पाण्याची बाटली त्यावर ओतली,
आणि मी सांगेन तसा, पंपाला
तापातल्या पोराच्या कपाळासारखा गुंडाळला.
पाच मिनिटं आम्ही कडुनिंबाखाली उभे.
तो म्हणाला, "मग? उडली का नाही?"

वहीत लिहिलं: शंभर. निकाल नाही. चढण बाकी.
सोमवारी नवी नळी टाकली, दोनशे वीस रुपये.
दुपट्टा तीनदा धुतला, वास जात नाही.
नेऊन द्यायला गेले तर म्हणतो,
राहू द्या काकू, मे अजून अर्धा आहे.